तैवानचं व्हीएमसी: डीलरकडून घ्यावं की थेट मागवावं?

व्हीएमसीचं, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनिंग सेंटरचं, डीलरकडून कोटेशन आलं की किमतीआधी एक गोष्ट विचारा: बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरायचा आयातीचा अर्ज) कोणाच्या नावावर निघणार? पुष्कळ डीलर इंडेंटवर काम करतात, म्हणजे तुमची ऑर्डर फक्त उत्पादकाकडे पोचवतात. कमिशन त्यांचं, पण आयातदार तुम्हीच. हाय सी सेलमध्येही (माल समुद्रात असतानाच तुम्हाला विकला जातो तेव्हा) कस्टम्सपुढे तुम्हीच असता. डीलर स्वतः आयात करून रुपयांत पक्क्या भावाने बिल देत असेल, तरच डॉलर, ड्युटी आणि बंदरातला उशीर त्याच्या अंगावर जातो. ‘डॉलर वाढल्यास भाव वाढेल’ ही ओळ कोटेशनच्या तळाशी असते, ती शोधा.

थेट मागवायचं तर आयईसी (आयात-निर्यात कोड) लागेल. हिशेब असा: न्हावा शेवापर्यंत सीआयएफ किंमत (माल, विमा आणि जहाजभाडं मिळून) 40 लाख धरा. मूळ ड्युटी 7.5 टक्के असेल तर 3 लाख, त्या ड्युटीवर 10 टक्के सरचार्ज म्हणजे 30 हजार. झाले 43.30 लाख. त्यावर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), सुमारे 7.79 लाख. त्याचं क्रेडिट मिळतं, पण रक्कम माल सोडवतानाच भरावी लागते. डीलरच्या भावाशी तुलना करताना दोन्हीकडचा जीएसटी बाजूला काढा आणि थेट आयातीत सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट), ट्रेलर, हायड्रा क्रेन, इन्स्टॉलेशनच्या इंजिनिअरचं तिकीट मिळवा. एचएस कोड (ड्युटी ठरवणारा मालाचा वर्गीकरण क्रमांक), ड्युटीचा दर आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) अट सीएचएकडून ऑर्डरआधीच लेखी घ्या.

बिल ऑफ एंट्री जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. उशिराला पहिले तीन दिवस रोज 5 हजार, पुढे रोज 10 हजार. अडकतं ते बहुधा इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगमधलं (जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीतलं) वजन किंवा मॉडेल नंबर न जुळल्यामुळे. तिन्हींचे ड्राफ्ट जहाज सुटण्याआधी मागवा, लाकडी पेटीवरच्या आयएसपीएम 15 शिक्क्याचा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याची खूण) फोटोही. सीआयएफमधला विमा किमान कव्हरचा आणि बंदरापर्यंतचाच असतो. मशीन मात्र शेडसमोर उतरवतानाही आपटतं. ऑल रिस्क विमा कारखान्याच्या दारापर्यंत घ्या.

सर्वांत महागात पडतो तो विजेच्या पुरवठ्यातला फरक. तैवानमध्ये थ्री-फेज 220 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपल्याकडे 415 आणि 50. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. 60 हर्ट्झची कूलंट पंपाची मोटर सहाव्या हिश्शाने हळू फिरते, दाब जवळजवळ 30 टक्क्यांनी पडतो आणि खोल ड्रिलिंगमध्ये चिप बाहेर येत नाही. ऑर्डरमध्ये ‘415 व्होल्ट, 50 हर्ट्झ’ लिहा आणि मोटरच्या नेमप्लेटचा फोटो मागा.

सप्लायर 30 टक्के आगाऊ, 70 टक्के शिपमेंटआधी मागतो. पूर्ण पैसे गेल्यावर हातात काही उरत नाही. एलसी (बँकेची हमी असलेलं लेटर ऑफ क्रेडिट) करा, तुमच्याच जॉबवर ट्रायल घ्या आणि 10 टक्के कमिशनिंगनंतर (मशीन बसवून चालू झाल्यावर) द्या.

पहिलंच मशीन असेल आणि मेंटेनन्सचा माणूस नसेल तर आम्ही डीलरच सुचवू. मात्र त्याच्या गोदामात स्पिंडल बेअरिंग, ल्यूब पंप, एन्कोडर केबल आहे का ते प्रत्यक्ष बघा. डीलरशिप बदलली तरी वॉरंटी चालू राहील, असं पत्र उत्पादकाकडून घ्या. थेट घेतलंत तर हेच स्पेअर मशीनसोबत त्याच कंटेनरमध्ये मागवा, आणि कमिशनिंगच्या दिवशीच कंट्रोलरमधल्या पॅरामीटर व लॅडर प्रोग्रॅमचा बॅकअप काढून घ्या.