क्रूझवरून बंदरावर उतरताना: जहाजाची टूर घ्यावी की आपली गाडी करावी?

आमच्या हिंगणघाटकडच्या गावांतूनही आता लोक क्रूझला जायला लागले आहेत. मुलगा पुण्यात नोकरीला असतो, तो आईवडिलांना तिकिटं काढून देतो. कुठे दोन-तीन घरं मिळून जातात. आम्ही सहा जण गेलो होतो: मी आणि सौ., धाकटा भाऊ आणि वहिनी, आणि व्याही-विहीण. सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. तिकिटाच्या वेळी एजंट खोली, जेवण, बाल्कनी असं सगळं सांगतो. बंदरावर उतरल्यावर फिरायचं कसं, हे मात्र आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. परतल्यापासून गावातले पाच-सहा जण हेच विचारून गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

जहाज बंदरावर सात-आठ-नऊ तास थांबतं. तेवढ्यात एकतर जहाजवाल्यांनी लावलेली टूर घ्यायची (ते तिला शोर एक्सकर्शन म्हणतात), नाहीतर स्वतः गाडी ठरवून फिरायचं. यातला मोठा फरक आधी समजून घ्या. गावाकडे मुक्कामी एसटीचा कंडक्टर ओळखीचा असला, तर पाच मिनिटं गाडी थांबवतो. जहाज तसं थांबत नाही. ते थांबतं फक्त स्वतःच्या टूरच्या बससाठी. ती बस वाटेत अडकली तर जहाज वाट पाहतं, किंवा त्या लोकांना पुढच्या बंदरावर पोचवण्याची जबाबदारी घेतं. जहाजाच्या टूरला जास्तीचे पैसे पडतात, ते मुख्यतः या भरवशाचे. म्हणून सगळ्या प्रवासाचा एकच निर्णय करू नका. प्रत्येक बंदराचा वेगळा विचार करा.

पहिलं काम: शहर आणि बंदर यांतलं अंतर पाहा

माहितीपत्रकात शहराचं नाव असतं, जहाज लागतं भलतीकडे. नागपूरला लागून म्हणून प्लॉट दाखवतात आणि जागा बुटीबोरीच्याही पुढे निघते, तसंच हे. ‘क्वालालंपूर’ लिहिलेलं जहाज पोर्ट क्लांगला लागतं, तिथून शहर रस्त्याने तास-सव्वा तास. ‘बँकॉक’ लिहिलेलं लाएम चाबांगला थांबतं, तिथून बँकॉक सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. याउलट पेनांगला जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि बाहेर पाऊल टाकलं की जॉर्जटाउन सुरू होतं.

जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकणार, हेही विचारा. फुकेतला पातोंगसमोर बहुतेक जहाजं नांगर टाकतात आणि माणसं छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात. त्यात जहाजाच्या टूरवाल्यांचा नंबर आधी लागतो, बाकीच्यांना टोकन घेऊन बसावं लागतं.

मग वेळेचा हिशेब उलटा मांडा

समजा जहाज सकाळी आठला लागतं आणि संध्याकाळी पाचला सुटतं. म्हणजे नऊ तास मिळाले, असं वाटतं. पण साडेचारपर्यंत सगळ्यांनी जहाजावर असायला हवं. आपण स्वतःहून गेलो असू तर त्याही आधी दीड तास, म्हणजे तीनला, बंदरावर परत यायचं. सकाळी उतरायला, पासपोर्ट-तपासणीला तास जातो. उरले सहा तास. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूरला जाण्यायेण्यात त्यातले अडीच-तीन जातात, मग शहर पाहायला तीनच तास राहतात.

मी असं सांगेन: बंदर ते ठिकाण हे अंतर अर्ध्या तासाच्या आत असेल तर बिनधास्त आपली गाडी करा. तासाच्या वर असेल तर जहाजाची टूर घ्या. फुकेतहून फी-फी बेटांवर स्पीडबोटीने जायचं असेल तर जहाजाचीच. तिथे रस्त्याऐवजी समुद्र आहे, आणि साधारण मे ते ऑक्टोबर तो खवळलेला असतो.

पैशांचा हिशेब

जहाजाच्या टूरचा दर माणशी असतो, बाहेरची गाडी अख्खी ठरते. उदाहरणादाखल, टूर माणशी 60 डॉलर असेल तर सहा जणांचे 360 होतात, आणि दिवसभराची व्हॅन 150 डॉलरला मिळाली तर निम्म्याहून जास्त वाचतात. दोघंच असाल तर 120 विरुद्ध 150, म्हणजे टूरच स्वस्त. त्यामुळे माणसं किती, हे आधी पक्कं करा. टूरमध्ये जेवण आणि प्रवेशाची तिकिटं धरली आहेत का, तेही वाचा. शाकाहारी माणसांनी तर नक्की. पेनांगला आम्ही पायी लिटल इंडियात गेलो आणि केळीच्या पानावर भात-सांबार जेवलो. विहीणबाई दोन दिवसांनी पोटभर जेवल्या, ते पाहून मला फार बरं वाटलं. बसच्या टूरमध्ये हे जमलं नसतं.

बाहेरची गाडी ठरवताना

क्लूक, व्हायटर, गेटयुवरगाइड अशा साइटवर दिवसाच्या टूर आणि गाड्या मिळतात. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. खराब हवामानामुळे जहाजाने ते बंदरच गाळलं तर पैसे पूर्ण परत मिळणार का? (जहाजाची टूर असेल तर ते पैसे परत मिळतात.) गाडी कुठे भेटणार? बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरला धक्क्यावर येऊ देत नाहीत, म्हणून नेमकं गेट आणि खूण विचारून ठेवा. गाडी फक्त आपली की इतरांसोबत? परतीची वेळ काय? जहाजाचं नाव, तारीख आणि जहाजावर परतण्याची शेवटची वेळ त्यांना आपणहून कळवा. फेसबुकवर ओळख झालेल्या माणसाला पूर्ण आगाऊ रक्कम कधीच पाठवू नका.

आयत्या वेळी टॅक्सी करायची असेल तर ग्रॅब हे ॲप सिंगापूर, मलेशिया, थायलंड तिन्हीकडे चालतं. ते घरीच डाउनलोड करून नंबर पडताळून ठेवा. भावाने ते काम पेनांगला उतरल्यावर काढलं. त्याच्या सिमला रोमिंग नव्हतं, ओटीपी येईना, आणि आम्ही वीस मिनिटं धक्क्याबाहेर उन्हात उभे.

कागदपत्रांत एक गोष्ट विसरू नका. सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच यायचं असेल तर व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. मलेशिया आणि थायलंडचं ऑनलाइन आगमन-कार्ड असतं, ते तुमच्या प्रवासाला लागतं का, हे जहाज कंपनीला विचारून घ्या.

मुंबईहून निघणाऱ्या जहाजांचं थोडक्यात: लक्षद्वीपला प्रवेश-परवाना लागतो, तिथे जहाजाचीच व्यवस्था घ्या. गोव्याला जहाज मुरगावला लागतं, टॅक्सीचा भाव परतीसह आधी ठरवा. कोचीला फोर्ट कोची जवळ आहे, स्वतः फिरा. फक्त मट्टनचेरीचं 1568 सालचं सिनेगॉग (ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ) शुक्रवारी-शनिवारी बंद असतं, त्यामुळे वार पाहून ठरवा.

उतरण्याच्या दिवशी घड्याळ सांभाळा

हे सगळ्यांत महत्त्वाचं. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. आमचं जहाज सिंगापूरच्या वेळेवरच चालत होतं, पण फुकेतला उतरताच मोबाइलने आपोआप थायलंडची वेळ धरली. शेवटची टेंडर पाचला होती. पातोंगच्या बाजारात व्याह्यांच्या मोबाइलमध्ये साडेतीन वाजले होते.

‘काऊन घाई करून रायले जी? आजून दीड तास हाय ना!’ ते म्हणाले आणि नातीसाठी फ्रॉक पाहू लागले.

भावाच्या मनगटावर लग्नातलं जुनं एचएमटी होतं. जहाजावर लावलेली वेळ त्याने बदलली नव्हती. त्याने हात पुढे केला. काटे साडेचारवर. फ्रॉक तसाच दुकानात राहिला. विहीणबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या रेतीतून चपला हातात घेऊन चालत होत्या. बोटीत बसलो तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. त्या रात्री कुणाला नीट जेवण गेलं नाही.

म्हणून उतरण्याआधी जहाजाची वेळ विचारा, मोबाइलमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा, आणि एक साधं हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फिरताना सगळ्यांत लांबचं ठिकाण आधी करा आणि बंदराच्या दिशेने परत या. खरेदी शेवटी, बंदराजवळ. सोबत खोलीचं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि रोज खोलीत येणाऱ्या पत्रकावरचा पोर्ट एजंटचा (जहाज कंपनीचं त्या बंदरावरचं काम पाहणाऱ्या माणसाचा) नंबर ठेवा. जहाज चुकलंच तर आधी या एजंटला फोन करायचा. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपलाच असतो, त्यामुळे विमा काढताना जहाज चुकण्याचा खर्च त्यात आहे का, ते विचारून घ्या.

जहाजाची टूर घेतली असेल आणि ती रद्द झाली असेल, तर शेवटच्या रात्री रिसेप्शनवर जाऊन जहाजावरच्या आपल्या खर्चाच्या खात्याचा कागद मागा आणि पैसे परत जमा झाले का, ते ओळ न ओळ वाचा. सकाळी तिथे मोठी रांग असते.