आजारांवरील संशोधनाला देणगी आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या भाचीने एका रविवारी फोनवर विचारले, “मामा, तुमच्याकडे रिटर्न भरतानाच कॅन्सरच्या संशोधनाला पैसे देता येतात का?” तिच्याकडे ती सोय आहे. त्या राज्याच्या ‘५४०’ क्रमांकाच्या विवरणपत्रात शेवटी ऐच्छिक देणग्यांची एक यादी असते, आणि अल्झायमर, स्तनाचा कर्करोग, एकूण कर्करोग संशोधन अशा निधींपुढे पूर्ण डॉलरमध्ये आकडा लिहिला की तेवढी रक्कम परताव्यातून कापली जाते किंवा भरायच्या करात मिळवली जाते. आपल्या विवरणपत्रात असा रकाना नाही. आपला परतावा थेट बँक खात्यात जमा होतो; तो वाटेत कुठे वळवता येत नाही. आपल्याकडे क्रम उलटा आहे: देणगी आधी स्वतंत्रपणे, ३१ मार्चच्या आत द्यायची आणि विवरणपत्रात नंतर फक्त तिची नोंद करून वजावट मागायची, म्हणजे करपात्र उत्पन्नातून तेवढी रक्कम कमी करून घ्यायची. जुलैमध्ये विवरणपत्र भरायला बसल्यावर देणगी सुचली, तर त्या वर्षापुरते ते वरातीमागून घोडे ठरते.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी ठाण्यात, नौपाड्यातील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात, दर जून-जुलैला सभासदांची विवरणपत्रे भरून देतो. घरातले एखादे माणूस कर्करोगाने, मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा स्मृतिभ्रंशाने गेले की वर्षश्राद्धाच्या सुमारास ‘त्या आजारावरच्या संशोधनाला काही द्यावे’ असा विचार अनेक घरांत होतो. विचार उत्तम असतो, पण कागद चुकतात. पुढील माहिती त्या अनुभवातून लिहिली आहे.

देणगी संशोधनासाठी आहे की रुग्णसाहाय्यासाठी, हे आधी ठरवावे. दोन्ही गरजेचे आहे, मात्र हिशेबाच्या दृष्टीने ती निरनिराळी खाती आहेत. समाजमाध्यमांवर एखाद्या रुग्णाचे छायाचित्र आणि यूपीआयचा क्यूआर कोड फिरतो, त्यावर पाठवलेले पैसे ही व्यक्तीला केलेली मदत असते. तिच्यावर कोणतीही वजावट मिळत नाही. संशोधनालाच द्यायचे असेल तर संस्थेला एक साधे पत्र लिहावे आणि त्यात ‘ही रक्कम अमुक आजारावरील संशोधनासाठी वापरावी’ असे स्पष्ट नमूद करावे. मोठ्या संस्थांच्या ऑनलाइन अर्जात देणगीचा उद्देश निवडण्याची सोय बहुधा असते, आणि घाईत सर्वसाधारण निधी निवडला जातो.

ठाणे आणि नवी मुंबईतील माणसाला संशोधन म्हणजे काहीतरी दूरचे वाटण्याचे कारण नाही. खारघरला अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या, रक्ताच्या काही कर्करोगांवरील देशी ‘कार-टी’ पेशी उपचाराला (यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाशी लढवतात) ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, त्यामागे या केंद्रातील कामाचाही वाटा आहे. पण मला त्याहून अधिक भावते ते टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केलेले साधे काम. सुमारे दीड लाख स्त्रिया त्या अभ्यासात होत्या. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरमधील सौम्य आम्ल लावून, पांढरे पडणारे डाग नुसत्या डोळ्यांनी तपासले, आणि बारा वर्षांच्या पाठपुराव्यात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. यात महागडे यंत्र कुठेच नव्हते. खर्च होता तो माणसांचा आणि वर्षानुवर्षे चिकाटीने केलेल्या पाठपुराव्याचा. म्हणून दहा-वीस हजारांच्या देणगीने काय होणार, हा प्रश्न मला फारसा पटत नाही.

आता कायदा. १९६१च्या प्राप्तिकर अधिनियमात आपल्या कामाची दोन कलमे आहेत. पहिले सर्वांच्या ओळखीचे ८०जी. धर्मादाय न्यास आणि बहुतेक सेवाभावी संस्था यात येतात, आणि त्यांना दिलेल्या रकमेच्या साधारणपणे ५० टक्के वजावट मिळते. तीही एका मर्यादेत. मर्यादा काढण्यासाठी एकूण ढोबळ उत्पन्नातून ८०सी (आयुर्विमा, पीपीएफ अशी बचत), ८०डी (आरोग्यविमा) यांसारख्या इतर वजावटी आणि काही भांडवली नफे वजा करावेत. उरलेल्या रकमेच्या १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी विचारात घेतली जाते. समजा ढोबळ उत्पन्न ९ लाख आहे, ८०सी खाली दीड लाख आणि ८०डी खाली २५ हजार वजा होतात. उरले ७ लाख २५ हजार, त्याचे १० टक्के ७२,५००. कोणी १ लाख दिले असले तरी ७२,५००च धरले जातील आणि त्याच्या निम्मी, म्हणजे ३६,२५० रुपयांची वजावट मिळेल.

दुसरे कलम ८०जीजीए, आणि संशोधनासाठी देणाऱ्याने खरे तर आधी हेच पाहावे. वैज्ञानिक संशोधनासाठी कलम ३५ खाली सरकारने मान्यता दिलेल्या संशोधन संस्थेला, विद्यापीठाला किंवा महाविद्यालयाला दिलेल्या संपूर्ण रकमेची, म्हणजे १०० टक्के, वजावट यात मिळते आणि वर सांगितलेली १० टक्क्यांची मर्यादा लागत नाही. अट अशी की देणाऱ्याच्या उत्पन्नात धंदा किंवा व्यवसायाचे उत्पन्न नसावे. दुकानदार, डॉक्टर, वकील यांच्यासाठी कलम ३५ची स्वतंत्र वाट आहे आणि तो हिशेब त्यांच्या सीएने करावा. पगारदार व निवृत्तिवेतनधारकांना मात्र ८०जीजीए खुले आहे. एकाच संस्थेकडे दोन्ही मान्यता असू शकतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी ‘माझी देणगी कोणत्या कलमाखाली धरणार आणि पावतीवर कोणते कलम येणार’ हे लेखी विचारावे. २० टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाने २५ हजार दिले तर, उपकर धरून, ८०जी मध्ये त्याचे २,६०० रुपये वाचतात आणि ८०जीजीए मध्ये ५,२००. एकच रक्कम दोन्हीकडे दाखवता येत नाही, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

या सगळ्यावर पाणी पडते ते करप्रणालीच्या निवडीने. कर मोजण्याच्या दोन पद्धती आहेत: बहुतेक वजावटी देणारी जुनी आणि त्या न देणारी नवी. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जी नाही, ८०जीजीएही नाही. जुनी प्रणाली मुद्दाम निवडावी लागते. पगारदाराला ती विवरणपत्रातच निवडता येते, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. मुदत उलटली की नवी प्रणालीच गळ्यात पडते आणि देणगीची वजावट कागद हातात असूनही हातची जाते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला ‘१०-आयईए’ हा फॉर्म आधी भरावा लागतो.

मात्र केवळ देणगीसाठी जुन्या प्रणालीत जाण्याचा मोह आवरावा. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे उदाहरण घेऊ. साठी ओलांडलेल्या गृहस्थांना निवृत्तिवेतन आणि ठेवींचे व्याज मिळून ९ लाख मिळतात. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करसवलत असल्याने त्यांचा कर शून्य. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०सीचे दीड लाख, ठेवींच्या व्याजाचे ५० हजार आणि आरोग्यविम्याचे ५० हजार असे सारे वजा केले तरी ६ लाखांवर ३१,२०० रुपये कर लागतो. त्यात २५ हजारांची ८०जीजीए देणगी दाखवली की तो २६,००० होतो. ५,२०० वाचवण्यासाठी २६,००० भरण्यात काहीच हशील नाही. अशा सभासदांना मी सरळ सांगतो की देणगी द्या, पावती जपून ठेवा आणि वजावट विसरा. जुनी प्रणाली ज्यांना आजही परवडते ते बहुधा घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा ऐरोली-घणसोलीच्या घराचे मोठे व्याज फेडणारे, नाहीतर भरघोस घरभाडे भत्ता मिळणारे नोकरदार असतात. विभागाच्या संकेतस्थळावरील कर गणकात दोन्ही आकडे घालून पाहायला दहा मिनिटे लागतात.

देणगी देताना पैसे धनादेश, नेट बँकिंग किंवा यूपीआयनेच द्यावेत, कारण दोन्ही कलमांत २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्या रोख रकमेची वजावट मिळत नाही. औषधे, उपकरणे, पुस्तके अशा वस्तुरूप देणगीलाही वजावट नाही. संस्थेचे नाव विभागाच्या संकेतस्थळावरील करमुक्त संस्थांच्या यादीत शोधावे आणि मान्यतेची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. अलीकडे या मान्यता पाच वर्षांच्या, आणि तात्पुरत्या असल्यास तीन वर्षांच्या असतात. आपल्याकडे गुप्तदानाचे मोठे कौतुक आहे, पण प्राप्तिकर खात्याला गुप्तदान चालत नाही. देणाऱ्याचा पॅन संस्थेला द्यावाच लागतो, आणि ज्याच्या विवरणपत्रात वजावट हवी त्याच्याच खात्यातून आणि त्याच्याच पॅनवर पैसे जायला हवेत. आमच्या संघातील एका निवृत्त शिक्षिकेने यजमानांच्या स्मरणार्थ वीस हजार रुपये दिले. म्हणजे त्यांनी ते मुलाच्या हाती दिले आणि मुलाने पुण्याहून आपल्या खात्यातून, आपल्या पॅनवर ऑनलाइन भरले. प्रमाणपत्र मुलाच्या नावे आले. मुलगा नव्या प्रणालीत, त्यामुळे त्याला उपयोग नाही. बाई जुन्या प्रणालीत, पण कागद त्यांच्या नावाचा नाही. संस्थेची यात काहीच चूक नव्हती.

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे, आणि आता नुसती पावतीही पुरेशी नाही. संस्थेने वर्षभरातील देणगीदारांची यादी ‘१०बीडी’ या फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत खात्याकडे पाठवायची असते आणि प्रत्येक देणगीदाराला ‘१०बीई’ हे प्रमाणपत्र द्यायचे असते. हेच खरे अस्त्र. त्यावर संस्थेचा पॅन, आपला पॅन, रक्कम, कलम आणि ‘एआरएन’ हा देणगीचा संदर्भ क्रमांक असतो. ते हाती येताच बँकेच्या नोंदीशी ताडून पाहावे. माझ्याच बाबतीत एका संस्थेने ऑक्टोबरची देणगी दाखवली आणि फेब्रुवारीची गाळली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात लक्षात आले म्हणून पत्र पाठवून दुरुस्ती करून घेता आली. जूनच्या मध्यापर्यंत प्रमाणपत्र आले नाही तर संस्थेला स्मरणपत्र पाठवावे. ही मागणी करण्यात संकोच बाळगू नये.

विवरणपत्र भरताना ई-फायलिंग पोर्टलवर योग्य निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) आणि फॉर्म निवडावा. पगार किंवा निवृत्तिवेतन, घर आणि व्याज एवढेच उत्पन्न असणाऱ्यांना बहुधा आयटीआर-१ पुरतो. सुरुवातीलाच नव्या करप्रणालीतून बाहेर पडायचे आहे का, असा प्रश्न येतो. त्याला ‘होय’ म्हटले नाही तर देणगीचे तक्ते भरताच येत नाहीत, आणि दरवर्षी दोघे-तिघे ‘८०जी दिसतच नाही’ म्हणून माझ्याकडे येतात ते याच कारणाने. ८०जी मध्ये ए, बी, सी, डी असे चार तक्ते आहेत. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारखे १०० टक्क्यांचे निधी ‘ए’ मध्ये जातात. ५० टक्के आणि मर्यादेसह मान्यता असलेल्या सर्वसाधारण संस्था ‘डी’ मध्ये, आणि तिथेच एआरएन लिहायचा असतो. संस्थेचे नाव, पत्ता, पिनकोड आणि पॅन प्रमाणपत्रावरून जसेच्या तसे उतरवावेत, रोख आणि इतर मार्गांनी दिलेली रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत भरावी. रक्कम पूर्ण लिहावी. निम्मी करण्याचे काम पोर्टल करते. संशोधनाची देणगी असेल तर ८०जीजीएचा तक्ता उघडून त्यात ‘८०जीजीए(२)(ए)’ हा पर्याय निवडावा. कंपनी फॉर्म-१६ मध्ये, म्हणजे पगार व कापलेल्या कराच्या प्रमाणपत्रात, अशा देणग्या सहसा धरत नाही. तिथे ती दिसली नाही म्हणून गडबडून जाऊ नये.

१ एप्रिल २०२६ ही नव्या, २०२५च्या प्राप्तिकर अधिनियमाच्या अंमलाची तारीख आहे, आणि त्यात ८०जीची जागा कलम १३३ घेते. २०२५-२६पर्यंतच्या उत्पन्नाची विवरणपत्रे मात्र जुन्याच कायद्याने आणि जुन्याच कलमांनी भरायची आहेत.

‘दोन टक्के द्या, पूर्ण वजावटीची पावती देतो’ असे सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहावे. संशोधनाच्या देणगीवर व्यावसायिकांना एके काळी १७५ टक्के वजावट मिळत असे, आणि त्या काळात काही तथाकथित संशोधन संस्था धनादेश घेऊन, कमिशन कापून, उरलेले पैसे रोखीने परत करत असल्याचे उघडकीस आले. त्यांची मान्यता गेली आणि देणगीदारांवर वर्षांमागून वर्षे खटले चालले. वजावट आज १०० टक्क्यांवर आली आहे, खोट्या दाव्यांचा शोध मात्र थांबलेला नाही. जुलै २०२५मध्ये खात्याने याच कारणासाठी देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली.

विवरणपत्र सादर केल्यावर ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने किंवा नेट बँकिंगमधून त्याची ई-पडताळणी करावी. पडताळणी राहिली तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. ज्येष्ठांच्या बाबतीत हे काम अडते ते बहुधा आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असल्यामुळे, म्हणून तो जूनमध्येच तपासून घ्यावा.