दोन सुनीतांतल्या प्रेमाची तुलना करताना या चुका टाळा

शेक्सपिअरचं 116वं सुनीत (सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता) आणि इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगचं 43वं, ही तुलनेच्या प्रश्नात हमखास भेटणारी जोडी. उत्तरं तपासताना एक चूक सर्वांत जास्त दिसते. आधी एका कवितेचा सारांश, मग दुसरीचा, आणि शेवटी एक वाक्य: ‘दोन्ही कवींनी अमर प्रेमाचं वर्णन केलं आहे.’ यात तुलना सुरूच होत नाही, आणि ते शेवटचं वाक्यही जेमतेम अर्धंच खरं आहे.

116व्या सुनीतात खऱ्या प्रेमाची कसोटी म्हणजे समोरचं माणूस बदललं तरी ते बदलत नाही. गुलाबी ओठ आणि गाल काळाच्या विळ्याखाली येतात, प्रेम मात्र प्रलयाच्या काठापर्यंत जसंच्या तसं उभं राहतं. एलिझाबेथ काय म्हणते? देवाच्या मनात असेल, तर मेल्यावर मी तुझ्यावर अधिकच प्रेम करीन. तिचं प्रेम वाढणारं आहे! एका कवितेत प्रेमाची थोरवी न बदलण्यात आहे, दुसरीत आणखी खोल होत जाण्यात. शिवाय ‘देवाच्या मनात असेल तर’ हे शब्द ती वगळत नाही. शेक्सपिअर प्रेमाला असा ‘जर’ कुठेच लावत नाही. त्याचा एकच ‘जर’ शेवटी येतो आणि तो आव्हानाचा आहे: हे माझं चुकीचं ठरलं, तर मी कधी काही लिहिलंच नाही आणि कुणी कधी प्रेम केलंच नाही. उत्तराचा निम्मा भाग या फरकावर खर्च केला तरी चालेल.

सर्वनामं न पाहणं

116मध्ये ‘तू’ नाहीच. ‘मी’ पहिल्या ओळीत येतो आणि थेट शेवटच्या दोन ओळींत परततो. मध्ये फक्त प्रेमाची व्याख्या, तीही बरीचशी नकारातून. ‘नॉट’, ‘नो’, ‘नेव्हर’ खाली पेन्सिलीने रेघ मारा, कवितेचा बांधा दिसू लागेल. 43व्यात उलट ‘आय लव्ह दी’ (माझं तुझ्यावर प्रेम आहे) हे शब्द सुरुवातीचा प्रश्न धरून आठ वेळा येतात. तिथे व्याख्या नाही, एका माणसाला दिलेली कबुली आहे.

म्हणून 116बद्दल ‘प्रियकर प्रेयसीला सांगतो’ असं लिहू नका. 1609 साली छापलेल्या 154 सुनीतांपैकी पहिली 126 एका तरुणाला उद्देशून आहेत असं सहसा मानलं जातं, आणि हे त्यांतलंच. ‘मॅरेज’ आहे ते मनांचं. ‘इम्पेडिमेंट्स’ हा शब्द मात्र चर्चमधल्या लग्नविधीची आठवण करून देतो. लग्नाला काही हरकत असेल तर आत्ताच सांगा, असं तिथे विचारतात.

ओळखीच्या शब्दांनी फसणं

‘बार्क’ म्हणजे इथे झाडाची साल नाही, नौका. ‘मार्क’ ही खलाशांना वाट दाखवणारी किनाऱ्यावरची अढळ खूण. ‘हाइट’ म्हणजे ताऱ्याचं क्षितिजापासूनचं मोजलेलं अंतर. उंची मोजता येते, मोल कळत नाही, हा त्या ओळीचा गाभा. ‘टाइम्स फूल’ म्हणजे काळाच्या दरबारातला विदूषक, त्याच्या हातचं खेळणं.

43व्याच्या पहिल्या ओळीत विचारलंय ‘कसं’. अनेक जण त्याचं ‘का’ करतात आणि प्रेमाची कारणं शोधत बसतात. तिथे कारण एकही नाही. प्रियकराचं रूप नाही, गुणही नाहीत. आत्म्याच्या खोली-रुंदी-उंचीएवढ्या अफाट मापावरून ती लगेच रोजच्या साध्या, मुक्या गरजेवर उतरते, उन्हाच्या आणि मेणबत्तीच्या उजेडात. मला ही ओळ सगळ्या कवितेत सर्वांत सुंदर वाटते. विद्यार्थी नेमकी तीच सोडतात.

43वं सुनीत ज्या मालिकेतलं, ती ‘सॉनेट्स फ्रॉम द पोर्तुगीज’ (1850) हे भाषांतर नव्हे. पडदा म्हणून घेतलेलं ते नाव आहे. पोर्तुगीज कवी कामोइंशच्या प्रेयसीवर एलिझाबेथने कविता लिहिली होती आणि तिचा नवरा, कवी रॉबर्ट ब्राउनिंग, तिला लाडाने ‘पोर्तुगीज’ म्हणायचा. हा कामोइंश सोळाव्या शतकात गोव्यात राहून गेलेला.

यमकांची मांडणी नुसती नोंदवून सोडू नका. तीन चतुष्पदींनंतरची (चार-चार ओळींच्या कडव्यांनंतरची) दोन ओळींची द्विपदी शेक्सपिअरला आव्हान द्यायला उपयोगी पडते. एलिझाबेथचं अष्टक (पहिल्या आठ ओळी) मापं घेतं, षट्क (पुढच्या सहा) जुन्या दुःखांकडे आणि लहानपणीच्या श्रद्धेकडे वळतं.

चरित्र लिहायचं तर ओळीला चिकटवून लिहा. 1840 साली तिचा लाडका भाऊ एडवर्ड इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या टॉर्की गावाजवळ समुद्रात बुडाला. ‘जुनी दुःखं’ वाचताना हे आठवणं योग्यच. 1846मध्ये वडिलांना न कळवता केलेलं लग्न, नंतरचं इटलीतलं घर यांवर अर्धं पान भरलं, तर कविता बाजूला पडते. शेक्सपिअरच्या प्रेमाबद्दल अशी माहिती हाताशी नाही, त्यामुळे तुलनेचं पारडंही एका बाजूला झुकतं.