स्प्लिंटर सेल खेळताना या चुका टाळा: आधी पडदे ओढा

परवा घोडबंदर रोडला बहिणीकडे गेलो होतो. भरदुपारी बाल्कनीचं दार सताड उघडं, ऊन थेट मॉनिटरवर, आणि भाचा पहिला ‘स्प्लिंटर सेल’, म्हणजे अंधारात लपतछपत पुढे सरकायचा हेरगिरीचा व्हिडिओ गेम, खेळतोय. “मामा, काही दिसतच नाही रे यात,” म्हणून पठ्ठ्याने ब्राइटनेस आणि गॅमा (काळोखा भाग उजळवणारी सेटिंग) पार टोकाला नेले होते. गेममधली तिबिलिसीची, म्हणजे जॉर्जिया देशाच्या राजधानीची, रात्र धुरकट, राखेसारखी. आणि गार्ड दर दोन मिनिटांनी त्याला पकडत होते.

बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. गेमचा नायक सॅम फिशर हा एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या थर्ड एशलॉन या गुप्त शाखेचा एजंट, आणि त्याचं मुख्य हत्यार अंधार. गॅमा वाढवून तुम्हाला जास्त दिसेल, पण गार्डला किती दिसतं हे गेम स्वतःच्या हिशोबाने ठरवतो. तुमच्या स्क्रीनशी त्याचं काही देणंघेणं नाही. उलट सावली कुठे संपते तेच तुम्हाला कळेनासं होतं. गॅमा मूळ जागी आणा, पडदे ओढा, सॅमचा अंधारात दिसणारा नाइट व्हिजन गॉगल वापरा आणि तुम्ही किती उजेडात आहात ते दाखवणाऱ्या, कोपऱ्यातल्या लाइट मीटरवर डोळा ठेवा. काटा डावीकडे म्हणजे तुम्ही काळोखात. (गॉगलचे ते तीन हिरवे दिवे गार्डना कधीच दिसत नाहीत. का, ते विचारायचं नाही.)

पडदे ओढूनही सावल्याच दिसत नसतील तर दोष तुमचा नाही, ग्राफिक्स कार्डाचा आहे. गेम २००२ चा. पीसीवर सावल्या काढायची त्याची शॅडो बफर नावाची पद्धत त्या काळच्या जीफोर्स या ग्राफिक्स कार्डांसाठी होती, आजच्या कार्डांवर ती गडबडते. दुसऱ्या भागात, २००४ च्या ‘पँडोरा टुमॉरो’मध्ये, तर काही दिव्यांचा उजेडच गायब होतो, आणि रिकाम्या अंधारात मीटर मात्र उजेड दाखवत राहतो. यावर जुने गेम नव्या कार्डांवर नीट चालवणारं डीजीव्हूडू हे फुकट टूल उतरवा, त्यातली डीथ्रीडी८ नावाची डीएलएल फाइल गेमच्या सिस्टिम फोल्डरमध्ये टाका आणि सेटिंगमध्ये कार्ड म्हणून जीफोर्स ४ टीआय ४८०० निवडा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) ६० वर बांधून ठेवा. एवढं केल्याशिवाय खेळायला बसूच नका, नाहीतर निम्मा गेम कळणारच नाही.

आवाजाची गोष्ट वेगळी. पीसीवर चालण्याचा वेग माउसच्या चाकाने कमी-जास्त होतो, हे कितीतरी जणांना शेवटपर्यंत माहीत नसतं. ते गार्डच्या मागून धावत जातात आणि मग कपाळाला हात लावतात. २००५ च्या ‘केऑस थिअरी’त आवाजाचाही मीटर आला. त्यावरची खूण आजूबाजूला किती गोंगाट आहे ते दाखवते, तुमचा आवाज तिच्या आत राहिला की झालं. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सातला कुणाच्या चपला ऐकू येतात का? रात्री दोनला येतात. तेच गणित.

दिसेल तो दिवा गोळीने फोडणं ही हौस पहिल्या भागात महाग पडते. गोळ्या मोजक्या, चालताना नेम धड बसत नाही, आणि काच फुटल्याचा आवाज ऐकून गार्ड येतोच. भिंतीवर बटण असेल तर ते बंद करा ना!

डोळ्याच्या स्कॅनरचं दार आलं की आधी थांबा. माणूस जिवंत पकडून त्याचा चेहरा स्कॅनरसमोर धरावा लागतो. जॉर्जियाच्या संरक्षण मंत्रालयात तो दारू प्यायलेला कर्नल घाईत मारलात तर मिशन तिथेच बोंबललं. सीआयएच्या मुख्यालयात तर कुणालाच मारायची परवानगी नाही. सॅमचा वरिष्ठ लॅम्बर्ट कानात आधीच बजावतो, पण संवाद कोण ऐकतंय?

सगळ्यात चीड आणणारी चूक बेशुद्ध गार्ड उजेडात सोडून पुढे जाण्याची. आसपास चिटपाखरू नसलं तरी पहिल्या भागात तुम्ही ठराविक टप्पा ओलांडलात की तो देह ‘सापडतो’ आणि अलार्म वाजतो. त्यामुळे प्रत्येकाला खांद्यावर घेऊन काळोख्या कोपऱ्यात ठेवायचं आणि खाली ठेवल्यावर मीटर बघायचा. भाच्याने नेमका एक गार्ड ट्यूबलाइटखाली सोडला होता, तोही दोन खोल्या मागे, आणि दार ओलांडल्यावर क्विकसेव्ह (एका बटणाने खेळ जतन करणं) दाबलं होतं. सेव्ह एकच. लोड केलं की तीन सेकंदांत अलार्म, पुन्हा लोड, पुन्हा अलार्म. शेवटी मिशन पहिल्यापासून खेळला. आता तो प्रत्येक मोठ्या दाराआधी वेगळ्या नावाने सेव्ह करतो.