नर मिळेपर्यंत ‘नवी प्रजाती’ म्हणू नये

कोकणात चिऱ्याच्या भिंतीच्या भेगेतून मेण-राळेची बारीक नळी बाहेर डोकावत असेल, तर आत डंख नसलेल्या मधमाश्यांचं घर आहे असं समजा. अशा नळीचा फोटो पाठवून ‘ही नवी प्रजाती का?’ असं मला बरेच जण विचारतात. नळीवरून काहीच ठरत नाही. एकाच प्रजातीची नळी कुठे आखूड, कुठे बोटभर लांब असते.

आपल्याकडची बहुतेक घरं टेट्रागोन्युला या वंशातली. त्यातल्या कामकरी माश्या जेमतेम चार मिलिमीटरच्या आणि दिसायला सारख्याच, त्यामुळे नर हवेतच. घरट्याच्या तोंडाशी कधी कधी नरांचा घोळका घिरट्या घालतो, तेव्हा जाळी फिरवा. भिंगाखाली मिशांचे (स्पर्शिकांचे) भाग मोजा: कामकऱ्यांच्या मिशीला १२ भाग, नराच्या १३. नराच्या मागच्या पायावर परागाची टोपली नसते.

काही माश्या अल्कोहोलमध्ये ठेवा, म्हणजे पुढे डीएनए काढता येतो. बाकीच्या कागदाच्या त्रिकोणी टोकावर चिकटवून टाचणीला लावा. कुपीतली चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पार धुऊन जाते. गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, एवढं हवंच. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाळी बाहेर काढू नका.

खरी मेहनत नराच्या जननेंद्रियात आहे, कारण सारख्या दिसणाऱ्या प्रजातींतला फरक तिथे दिसतो. पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या पातळ द्रावणात ठेवून मऊ करायचं, ग्लिसरीनच्या थेंबात सुईने उलगडायचं आणि चित्र काढायचं. घाईचं काम नव्हे, टोक तुटलं की नमुना गेला. मग पाठीवरच्या केसांचे पट्टे, पंखाची लांबी, मागच्या पंखावरचे बारीक हूक पाहा.

आता तुलना. टेट्रागोन्युला इरिडिपेनिसचं मूळ वर्णन ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्मिथने १८५४ मध्ये श्रीलंकेतल्या माशीवरून केलं. भारतात दिसेल त्या माशीला वर्षानुवर्षं हेच नाव चिकटवलं गेलं. म्हणून ‘इरिडिपेनिससारखी नाही’ एवढ्यावर थांबू नका. भारतातून वर्णन झालेल्या प्रत्येक प्रजातीशी ताडून बघा. केरळातून २०१९ मध्ये आलेली त्रावणकोरिकाही त्यात आली.

वेगळेपण टिकलं, तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलेलं तो मुख्य नमुना, ठरवा; बाकीचे पॅराटाइप, म्हणजे जोडीचे नमुने. टेट्रागोन्युला हे वंशाचं नाव लॅटिन व्याकरणात स्त्रीलिंगी असल्याने प्रजातीचं विशेषणवजा नावही स्त्रीलिंगीच हवं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी सक्तीची आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीचे नमुने मान्यताप्राप्त संग्रहालयात द्यावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पुण्यातलं केंद्र आकुर्डीला आहे.