पूर्ण रिबिल्ड म्हटलं की तो खरंच पूर्ण झाला पाहिजे

आमचं दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, जावामधलं, जुनं, त्याचा बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायचं काम, अजून अँट ह्या टूलवरच चालतो. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले, एसी आणि मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले. आमच्याकडे हा दर एका क्लासमधे पब्लिक स्टॅटिक फायनल इंट, म्हणजे न बदलणारा आकडा (कॉन्स्टंट) म्हणून लिहिलेला होता. आदल्या रात्री तिथे २८ चं १८ केलं, कमिट केलं, जेनकिन्सचा (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरचा) जॉब हिरवा झाला, एक बिल काढून बघितलं तर बरोबर १८ टक्के, नवीन जार, म्हणजे कंपाइल झालेल्या क्लास फाइलींचं गाठोडं, सगळ्यांकडे पाठवून दिली. सकाळी साडेदहाला एका दुकानातून फोन, की बिल १८ ने येतंय पण कोटेशन २८ नेच निघतंय आणि गिऱ्हाईक समोर उभं आहे.

सोर्स उघडला तर कोटेशनच्या फाइलमधे २८ कुठेच नाही, तीसुद्धा त्याच क्लासमधून दर घेते. अख्ख्या रेपोमधे, म्हणजे सगळ्या कोडमधे, शोधलं तरी नाही. मग जी जार दुकानात गेली होती तीच उघडली आणि कोटेशनच्या क्लास फाइलवर 'जावापी डॅश सी' चालवलं, ही कमांड क्लास फाइलच्या आतल्या सूचना दाखवते. कर काढायच्या फंक्शनला हाक मारायच्या बरोब्बर आधी ओळ होती, बायपुश २८, म्हणजे सरळ २८ हा आकडा घे. दरांच्या क्लासचं तिथे नावसुद्धा नव्हतं, नुसता आकडा.

कारण असं की जावामधे स्टॅटिक फायनल प्रिमिटिव्ह किंवा स्ट्रिंगची किंमत कंपाइल करतानाच ठरत असेल तर कंपायलर ती किंमत वापरणाऱ्या क्लासमधे सरळ छापून टाकतो. म्हणजे दरांचा क्लास बदलला तरी कोटेशनचा क्लास परत कंपाइल होईपर्यंत त्याच्या पोटात २८ च राहणार. आणि अँटचा जावासी टास्क काय बघतो, तर प्रत्येक जावा फाइल तिच्या स्वतःच्या क्लास फाइलपेक्षा नवीन आहे का, एवढंच. कोण कोणावर अवलंबून आहे हे तो बघत नाही. बिलाच्या फाइलमधे त्याच दिवशी दुसरा एक बदल झाला होता म्हणून ती नव्याने कंपाइल झाली, कोटेशनला कोणी हात लावला नव्हता म्हणून ते तसंच राहिलं. अँटमधे डिपेंड नावाचा टास्क आहे, तो क्लास फाइली वाचून अवलंबित्व शोधतो, पण नुसत्या आकड्यावरून तो कुठून आला हे त्यालाही कळणार नाही, आणि त्याच्या डॉक्युमेंटेशनमधे ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे.

हे दुखणं आजचं नाही. १९७६ मधे बेल लॅब्समधे स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक हे बिल्डचं टूल लिहिलं ते नेमकं ह्यामुळेच, त्यांचा सहकारी स्टीव्ह जॉन्सन अख्खी सकाळ एका बरोबर असलेल्या प्रोग्राममधला बग शोधत बसला होता, बग दुरुस्त झालेला होता पण ती फाइल परत कंपाइलच झाली नव्हती. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, रोजचा बिल्ड खुशाल इन्क्रिमेंटल, म्हणजे बदललेलं तेवढंच कंपाइल करणारा, ठेवा, पण जे गिऱ्हाइकाकडे जाणार ते रिकाम्या फोल्डरमधूनच बनलं पाहिजे, आणि हे कोणाच्या लक्षात राहण्यावर सोडायचं नाही, बिल्डमधेच बसवायचं.

आता कसं करायचं ते बघू.

सगळ्यात आधी कंपाइल झालेलं सगळं एका वेगळ्या फोल्डरमधे जाऊ दे. क्लास फाइली किंवा ऑब्जेक्ट फाइली (सीमधे कंपाइल होऊन बनणाऱ्या डॉट ओ फाइली) सोर्सच्या शेजारीच पडत असतील तर काय पुसायचं आणि काय ठेवायचं ह्याचा हिशोब कधीच लागत नाही. अँटमधे जावासी टास्कच्या डेस्टडिरला ते फोल्डर द्या, मग क्लीन टार्गेट (टार्गेट म्हणजे बिल्डमधलं नाव दिलेलं एक काम) म्हणजे ते एक फोल्डर डिलीट करणं, बस. नंतर रिलीजचं वेगळं टार्गेट करा आणि त्याच्या डिपेंड्समधे क्रमाने क्लीन, कंपाइल, जार असं लिहा, अँट डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने जातो. जेनकिन्सच्या रिलीज जॉबला फक्त हेच टार्गेट माहीत असू दे. ह्याचा अजून एक फायदा म्हणजे तुम्ही एखादी जावा फाइल कायमची काढून टाकली तरी तिची जुनी क्लास फाइल आउटपुटमधे राहून जारमधे जात असते, तेही बंद होतं. नुसतं सगळ्या सोर्स फाइलींवर टच मारून (फाइलची वेळ आत्ताची करून) सगळं कंपाइल करून घेणारे लोक मी बघितलेत, त्याने कंपाइल सगळं होतं खरं, पण ह्या अनाथ क्लास फाइली तशाच राहतात.

पुढचा प्रश्न वर्कस्पेसचा, म्हणजे जेनकिन्स ज्या फोल्डरमधे बिल्ड करतो त्याचा. जेनकिन्स मागच्या वेळचं वर्कस्पेस जसंच्या तसं वापरतो, ते वेगासाठी चांगलंच आहे, पण क्लीन टार्गेटला जे माहीत नाही ते तिथे महिनोन् महिने पडून असतं, जसं जनरेट केलेले सोर्स, कोणीतरी मशीनवर हाताने कॉपी केलेली जार, असलं काहीही. पाइपलाइन वापरत असाल आणि वर्कस्पेस क्लीनअप प्लगिन असेल तर चेकआउटच्या आधी 'क्लीनडब्ल्यूएस' लिहा. प्लगिन नसेल तर 'गिट क्लीन डॅश एफ डी एक्स', ह्याने गिटमधे नसलेलं सगळं जातं, इग्नोर केलेलंसुद्धा. आणि म्हणूनच ही कमांड स्वतःच्या लॅपटॉपवर चालवायच्या आधी एफच्या जागी एन टाकून एकदा बघा काय काय उडणार आहे, कारण पासवर्डची एन्व्ह फाइल, साइनिंगच्या चाव्यांची फाइल (कीस्टोअर) हे सगळं इग्नोरमधेच असतं आणि गिटमधे नसल्यामुळे ते परत मिळत नाही. माझ्या शेजारच्या टेबलवरच्या मुलाची कीस्टोअर अशीच गेली होती, बॅकअप होता म्हणून निभावलं. आत दुसरी गिट रेपो असेल तर एक एफ पुरत नाही, दोन लागतात.

जॉबला एक चेकबॉक्स पॅरामीटरही देऊन ठेवा, पूर्ण रिबिल्ड असं नाव द्या. दिवसा कोणाला शंका आली की त्याने खूण करून चालवावा, सर्व्हरवर लॉगिन करून फोल्डर पुसायची वेळ येऊ नये. रात्रीच्या जॉबमधे ती खूण कायम लावलेली.

मेकवाल्यांसाठी. 'मेक डॅश कॅपिटल बी' म्हणजे सगळं जुनं समज आणि परत बनव. सोपं आहे, पण ते काही पुसत नाही, फक्त वरून लिहितं. तुमची मेकफाइल लिंक करताना फोल्डरमधल्या सगळ्या डॉट ओ फाइली उचलत असेल तर काढून टाकलेल्या सोर्सची जुनी ऑब्जेक्ट फाइल बी लावूनसुद्धा आत येणारच. म्हणून क्लीन आणि मग ऑल. पण ते एका ओळीत 'मेक डॅश जे ८ क्लीन ऑल' असं लिहू नका हो, जे लावलं की दोन्ही टार्गेटं एकाच वेळी पळू शकतात, एकीकडे फाइल बनतेय आणि दुसरीकडे पुसली जातेय, कधी फुटतं कधी नाही, आणि जे कधी कधीच फुटतं ते शोधायला सगळ्यात वाईट. दोन वेगळ्या कमांड द्या, आधी जे शिवाय क्लीन, ते संपलं की जे लावून ऑल.

मेकमधे दोन गोष्टींमुळे लोकांना सारखं क्लीन करावं लागतं. एक, हेडर बदलला पण त्यावरच्या सी फाइली परत कंपाइल झाल्या नाहीत. ह्याला उपाय आहे, जीसीसी ह्या सी कंपायलरला डॅश एमएमडी आणि डॅश एमपी हे दोन फ्लॅग द्या, तो प्रत्येक ऑब्जेक्टबरोबर एक डॉट डी फाइल लिहितो ज्यात कुठले हेडर वापरले ते असतं, त्या फाइली मेकफाइलमधे इन्क्लूड करा. दुसरी, कंपायलरचे फ्लॅग बदलले. मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतं, त्याला फ्लॅग बदलल्याचं कळतच नाही, मग अर्ध्या ऑब्जेक्ट डीबगच्या आणि अर्ध्या ऑप्टिमाइझ केलेल्या असं मिश्रण तयार होतं. निन्जा (मेकसारखंच टूल) मात्र प्रत्येक आउटपुटची कमांड स्वतःच्या लॉगमधे ठेवतो आणि कमांड बदलली की परत बनवतो.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. सीमेकमधे 'सीमेक डॅश डॅश बिल्ड' ला 'क्लीन फर्स्ट' हा पर्याय जोडा, आणि जुना कॉन्फिगरेशनचा कॅशेही नको असेल तर कॉन्फिगर करताना द्यायचा 'फ्रेश' ३.२४ पासून आहे. डॉटनेटमधे 'डॉटनेट बिल्ड' ला 'नो इन्क्रिमेंटल', एमएसबिल्डमधे टार्गेट रिबिल्ड. रस्टमधे 'कार्गो क्लीन'. गोमधे 'गो बिल्ड डॅश ए', पण गो मजकुरावरून ठरवतो, वेळेवरून नाही, त्यामुळे तिथे क्वचितच लागतं. मेवनमधे 'क्लीन इन्स्टॉल' सगळ्यांना पाठ असतं, पण पीएल लावून एकच मॉड्यूल बिल्ड केलं तर बाकीची मॉड्यूल्स लोकल रेपॉझिटरीतल्या जुन्या जारमधून येतात, क्लीन फक्त त्या एकाचंच झालं, म्हणून सोबत एएम लावा (ज्यांच्यावर ते मॉड्यूल अवलंबून आहे तीही बनतात) किंवा मुळापासून बिल्ड करा.

आता कॅशेबद्दल, म्हणजे आधी बनवलेलं साठवून परत वापरण्याबद्दल, कारण फसगत इथेच जास्त होते. ग्रेडलमधे बिल्ड कॅशे चालू असेल तर क्लीन केल्यावरही काहीच कंपाइल होत नाही, पुसलेलं सगळं कॅशेतून परत येतं आणि टास्कच्या पुढे फ्रॉम कॅशे असं दिसतं. खरोखर कंपाइल हवं असेल तर 'रीरन टास्क्स'. सीसीकॅशे हा सी कंपायलरचा कॅशे, त्याचंही तसंच, फोल्डर रिकामं केलं तरी तो जुनीच ऑब्जेक्ट फाइल आणून देतो, 'सीसीकॅशे रीकॅशे' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलात की तो जुनं न वापरता नव्याने कंपाइल करून साठवतो. डॉकरमधे 'नो कॅशे', आणि त्याच्यासोबत 'पुल' पण द्या, नाहीतर लेयर सगळे नवे बनतात आणि खालची बेस इमेज मात्र मशीनवर पडलेली जुनीच.

टाइमस्टॅम्पचा एक धोका फारसा कोणी सांगत नाही. गिट फाइलींच्या वेळा साठवत नाही, नवीन क्लोन केला की सगळ्या फाइलींना आत्ताची वेळ. आता समजा तुमच्या बिल्डमधे आधी सोर्स येतो आणि नंतर मागच्या बिल्डचं आउटपुट साध्या सीपीने कॉपी होतं, तर आउटपुटलाही आत्ताची वेळ लागते, तीही सोर्सच्या नंतरची, म्हणजे मेक किंवा अँटला सगळं ताजं वाटतं आणि तुमचा नवा कोड कंपाइलच होत नाही. सीपीला डॅश पी द्या म्हणजे मूळ वेळ राहते, फार तर सगळं परत बनेल, निदान चुकीचं तरी बनणार नाही. नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर बिल्ड होत असेल आणि मेकने क्लॉक स्क्यूचा, म्हणजे घड्याळं जुळत नसल्याचा, इशारा दिला तर तो बिल्ड तसाच फेकून द्या, दोन्ही मशीनची घड्याळं एनटीपीने जुळवा आणि रिकाम्यापासून परत करा.

शेवटी, पूर्ण झाला हे तपासायचं कसं. आम्ही बिल्डच्या पहिल्या स्टेपमधे, क्लीनच्याही आधी, आउटपुटच्या बाहेर टचने एक रिकामी खूण-फाइल बनवतो. सगळं झाल्यावर फाइंड चालवतो, की आउटपुटमधे अशी कुठली क्लास फाइल आहे का जी ह्या खुणेपेक्षा नवीन नाही, फाइंडमधे 'नॉट न्यूअर' लिहिलं की झालं. एक जरी सापडली तरी बिल्ड लाल. तीन ओळींचं काम आहे. कॅशेतून आलेली फाइल मात्र ह्यात पकडली जाणार नाही, कारण ती आत्ताच लिहिलेली असते, तिथे लॉगच बघावा लागतो.

आणि रोज दिवसाढवळ्या सगळं पुसून बिल्ड करायची सवय लावू नका. आमचा पूर्ण बिल्ड २२ मिनिटं घेतो, इन्क्रिमेंटल दीड मिनिट, टीममधल्या सगळ्यांना दर वेळी २२ मिनिटं थांबवलं तर लोक टेस्ट चालवणंच सोडतील. त्याऐवजी क्लीन केल्यावर एखादी गोष्ट आपोआप बरी झाली की तिथेच थांबा आणि कुठलं अवलंबित्व बिल्डला सांगायचं राहिलं होतं ते शोधून तिकीट टाका. त्या कोटेशनच्या प्रकरणानंतर आम्ही तेच केलं, दर कॉन्स्टंटमधून काढून डेटाबेसच्या टेबलमधे ठेवले, लागू होण्याच्या तारखेसकट, म्हणजे पुढच्या वेळी दर बदलले तर कंपाइल करायची गरजच नाही. जे कॉन्स्टंट अजून उरलेत त्यातले बदलू शकणारे एकेक करून मेथडमागे नेतोय, कारण मेथडने दिलेली किंमत कंपायलर दुसऱ्या क्लासमधे छापत नाही. ४० च्या आसपास होते, आज ११ राहिलेत.