इंग्रजी क्रियापदाचा ‘मूड’ मराठीच्या आधाराने कसा ओळखावा

इंग्रजी व्याकरणातला ‘मूड’ हा शब्द ऐकला की बहुतेक विद्यार्थ्यांना मनःस्थिती आठवते आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. हा शब्द रीत किंवा पद्धत या अर्थाच्या ‘मोडस’ या लॅटिन शब्दाकडून आलेला आहे. मराठी व्याकरणात यालाच क्रियापदाचा ‘अर्थ’ म्हणतात, आणि स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे त्याचे चार प्रकार आपण शाळेत शिकलेले असतो. इंग्रजीत इंडिकेटिव्ह, इम्परेटिव्ह आणि सबजंक्टिव्ह असे तीन प्रकार मानण्याची रूढी आहे. सोलापुरातल्या माझ्या वर्गात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी पुष्कळ मुले असतात, तरी हा विषय मी मराठीला धरूनच शिकवते. कारण जो भेद इंग्रजीच्या रूपांतून जवळजवळ पुसला गेला आहे, तो मराठी क्रियापदात आजही स्पष्ट ऐकू येतो.

इंडिकेटिव्ह ओळखणे सोपे आहे. घडलेली, घडत असलेली किंवा घडणारी गोष्ट वाक्य सांगत असेल, नाकारत असेल किंवा विचारत असेल, तर क्रियापद इंडिकेटिव्ह असते. प्रश्नार्थक वाक्याला काही शालेय पुस्तके वेगळा मूड मानतात, परंतु प्रश्नात क्रियापदाचे रूप वेगळे होत नाही, फक्त शब्दांचा क्रम बदलतो किंवा ‘डू’ची मदत घेतली जाते. म्हणून ती विभागणी मला पटत नाही. इम्परेटिव्हमध्ये क्रियापद मूळ रूपात येते आणि ‘यू’ हा कर्ता बहुधा गाळलेला असतो: ‘सिट डाउन’, ‘बी क्वाएट’, ‘डोन्ट टच द लूम’. इथे एक सावधगिरी बाळगावी. ‘यू विल फिनिश धिस टुडे’ या वाक्याचा सूर हुकमाचा असला तरी त्याचे रूप इंडिकेटिव्हच आहे. मूड ठरवताना बोलणाऱ्याचा आवाज नव्हे, तर क्रियापदाचे रूप पाहायचे असते.

खरी अडचण सबजंक्टिव्हची, म्हणजे आग्रह, इच्छा किंवा प्रत्यक्षात नसलेली कल्पना दाखवणाऱ्या रूपाची आहे. वडील यंत्रमागावर काम करतात अशा एका विद्यार्थिनीने मागे वहीत लिहिले होते, ‘द ओनर इन्सिस्ट्स दॅट एव्हरी चादर इज चेक्ड.’ तिला म्हणायचे होते की प्रत्येक चादर तपासली जावी असा मालकाचा आग्रह आहे. पण ‘इज’ वापरल्यामुळे वाक्याचा अर्थ असा झाला, की प्रत्येक चादर तपासली जाते असे मालक ठासून सांगतो. तिच्या मनातल्या अर्थासाठी ‘एव्हरी चादर बी चेक्ड’ असे लिहायला हवे होते. दोन्ही मराठी वाक्ये तिने फळ्यावर एकाखाली एक लिहिली, तेव्हा ‘जाते’ आणि ‘जावी’ यांतला फरक मला समजावून सांगावा लागला नाही.

त्यावरून पहिली कसोटी मिळते. ‘सजेस्ट’, ‘डिमांड’, ‘रेकमेंड’, ‘इन्सिस्ट’ अशा क्रियापदांनंतर किंवा ‘इट इज नेसेसरी’, ‘इट इज एसेन्शियल’ अशा शब्दांनंतर ‘दॅट’ने सुरू होणारे वाक्य आले, की त्याचे मराठी करून पाहावे. मराठीत ‘जावे’, ‘करावे’, ‘असावे’ असे रूप सहज येत असेल, तर इंग्रजीत सबजंक्टिव्हची जागा आहे असे समजावे. मात्र ही कसोटी उलट दिशेने चालवू नये. ‘मुलांनी खरे बोलावे’ हे मराठीत विध्यर्थी आहे, पण त्याचे इंग्रजी ‘शुड’ या साहाय्यक क्रियापदाने होते आणि तिथे सबजंक्टिव्ह नसतो. आपले चार अर्थ आणि इंग्रजीचे तीन मूड एकास एक जुळत नाहीत.

दुसरी कसोटी ‘इफ’साठी आहे. ‘इफ’ दिसला की सबजंक्टिव्ह, हा गैरसमज मला दर वर्षी नव्याने काढावा लागतो. ‘इफ ही वॉज अ‍ॅट द गड्डा यस्टरडे, आय डिड नॉट सी हिम’ याचे मराठी ‘तो काल गड्ड्यावर असेल, तर मला दिसला नाही’ असे होते. तो गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, असण्याची शक्यता इथे खुली आहे, म्हणून हे इंडिकेटिव्ह. ‘इफ ही वेअर हिअर, ही वुड हेल्प अस’ याचे मराठी मात्र ‘तो इथे असता, तर त्याने आपल्याला मदत केली असती’ असे होते. ‘असता’ हे रूप ऐकताच तो इथे नाही हे आपल्याला कळते. तेच काम इंग्रजीत एकवचनी कर्त्यापुढचा ‘वेअर’ करतो. ‘आय विश आय वेअर इन सोलापूर’ हेही त्याच घरातले वाक्य आहे. बोलण्यात अशा ठिकाणी पुष्कळदा ‘वॉज’ वापरतात, परंतु औपचारिक लेखनात ‘वेअर’ लिहावे.

‘गॉड ब्लेस यू’ यासारखी ठरीव वाक्ये थोडी आहेत, ती पाठ केली तरी चालतील. त्यात ‘ब्लेसेस’ का नाही, हे ‘देव तुझे भले करो’मधल्या ‘करो’ने समजते, जरी मराठीत तो आज्ञार्थ गणला जातो.

काही वाक्यांत मात्र रूप काहीच सांगत नाही. ‘वी इन्सिस्ट दॅट दे पे द फी’ यातला ‘पे’ इंडिकेटिव्हही असू शकतो आणि सबजंक्टिव्हही. अशा वेळी ‘दे’च्या जागी ‘ही’ घालून वाक्य पुन्हा वाचावे. ‘ही पे’ जुळले तर सबजंक्टिव्ह, ‘ही पेज’ जुळले तर इंडिकेटिव्ह. नकार घालूनही हेच पाहता येते, कारण सबजंक्टिव्हमध्ये ‘डू’ची मदत न घेता थेट ‘ही नॉट पे’ असे लिहितात. ब्रिटिश इंग्रजीत या जागी ‘ही शुड पे’ असेही सर्रास लिहितात. ते चूक नाही, फक्त ते सबजंक्टिव्हचे रूप नव्हे.